व्हिएन्नाच्या बागांमधल्या वाद्यवृंद-मैफली (१९वं शतक) : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक जानेवारीला टीव्हीवर व्हिएन्नाची 'न्यू इयर मैफल' झाली की प्रश्न यायला लागतात. मग मे महिन्यात युरोपच्या सहली निघाल्या की पुन्हा येतात. 'स्ट्राउस म्हणजे नक्की कोणता', 'हे सगळं राजवाड्यात वाजायचं ना', 'ब्लू डॅन्यूब बागेत पहिल्यांदा वाजला का' असे तेच ते प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारले जातात. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न अगदी प्राथमिक आहेत, पुढचे जरा आडवळणाचे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्या उत्तरात पुन्हा सांगितलेली नाही. तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बागेतली मैफल म्हणजे नेमकं काय? लोक तिथे नाचायचे की ऐकायचे?

ऐकायचे. सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे, म्हणून हा प्रश्न पहिला घेतला. वॉल्ट्झ आणि पोल्का हे नाचाचे प्रकार आहेत, त्यामुळे स्ट्राउसचं नाव निघालं की डोळ्यांपुढे झुंबरं आणि गोल फिरणारी जोडपी येतात. तसे नाच व्हायचेच, पण ते सभागृहांत आणि मुख्यतः हिवाळ्यातल्या कार्निव्हलच्या दिवसांत. उन्हाळ्यात तेच वादक बागेतल्या मंडपात बसून तेच वॉल्ट्झ वाजवायचे. समोर टेबल-खुर्च्या मांडलेल्या असायच्या आणि लोक कॉफी, आइस्क्रीम किंवा बिअर घेत ऐकायचे. मागे झाडांखाली येरझाऱ्या घालणारे वेगळेच.

या बैठकीचा संगीतावरही परिणाम झाला. नाचणाऱ्याला ठेका हवा असतो, लांबलचक प्रस्तावना नको असते. ऐकणाऱ्याला मात्र ती हवी असते. म्हणून या काळातल्या वॉल्ट्झला सुरुवातीला संथ, चित्रमय प्रस्तावना आली आणि शेवटी आधीच्या सगळ्या सुरावटींची आठवण करून देणारा समारोप आला. योसेफ लानर आणि थोरला स्ट्राउस यांनी ही घडी बसवली, धाकट्या स्ट्राउसनं ती पूर्णत्वाला नेली (हे कोण ते प्रश्न ४मध्ये). 'ब्लू डॅन्यूब'ची सुरुवात आठवा : व्हायोलिनची हलकी थरथर आणि त्यावर हॉर्नचे सूर. या भागावर कोणी नाचत नाही. तो बसलेल्या माणसासाठीच लिहिला आहे.

२. व्हिएन्नात एवढ्या बागा आल्या कुठून?

बऱ्याचशा तटबंदीमुळे आल्या. व्हिएन्नाभोवती बुरूज होते आणि बुरुजांबाहेर एक रुंद मोकळा पट्टा होता, ग्लासी. शत्रूला आडोसा मिळू नये म्हणून तिथे बांधकामाला मनाई होती. युद्धाची भीती ओसरली तशी त्या पट्ट्यावर झाडं लागली, पायवाटा झाल्या, लोक हवा खायला येऊ लागले. दाटीवाटीच्या शहराला लागूनच एवढी रिकामी जमीन शिल्लक होती, ती केवळ लष्करी नियमामुळे.

१८०९ साली नेपोलियनच्या सैन्यानं राजवाड्याजवळचा बुरूज सुरुंग लावून उडवला. त्या पडक्या जागेतून पुढे जी बाग झाली ती फोल्क्सगार्टन. ती १८२३ साली लोकांसाठी उघडली. १८५७च्या डिसेंबरात सम्राट फ्रान्झ योसेफनं उरलेले तट पाडण्याचा हुकूम काढला. त्या जागी रिंगस्ट्रासे हा वर्तुळाकार राजमार्ग झाला आणि त्याला लागून १८६२ साली श्टाटपार्क उघडला. धाकट्या स्ट्राउसनं या पाडापाडीवरसुद्धा त्याच साली 'डेमोलीरर पोल्का' लिहिली.

प्राटर आणि आउगार्टन यांची गोष्ट वेगळी आहे. या दोन्ही राजघराण्याच्या जागा. सम्राट दुसऱ्या योसेफनं प्राटर १७६६ साली आणि आउगार्टन १७७५ साली सर्वांसाठी खुलं केलं. आउगार्टनच्या दारावर त्यानं कोरून घेतलेला लेख आजही वाचता येतो : ही जागा सर्व माणसांच्या आनंदासाठी, त्यांची कदर करणाऱ्याकडून.

३. मुख्य बागा कोणत्या? प्रत्येकीचं वेगळेपण काय?

*फोल्क्सगार्टन.* माझ्या मते या सगळ्या गोष्टीचं हृदय हेच. बागेच्या मध्यावर पिएत्रो नोबिलेनं बांधलेलं ग्रीक धाटणीचं थीसियसचं मंदिर आहे. शिल्पकार कानोवाच्या थीसियस-शिल्पासाठी ते बांधलं होतं. ते शिल्प १८९० साली तिथून कला-इतिहास संग्रहालयाच्या जिन्यावर हलवलं. नोबिलेनंच बागेच्या कडेला कोर्टी नावाच्या कॉफीवाल्यासाठी अर्धवर्तुळाकार, खांबांचं कॉफीगृह बांधलं. लानर आणि थोरला स्ट्राउस इथे वाजवत, पुढे थोरल्याचे तिन्ही मुलगे. राजवाडा हाकेच्या अंतरावर, त्यामुळे इथला श्रोता जरा सुस्थितीतला आणि जाणकार असायचा. नवी रचना आधी याच लोकांच्या कानांवर घालावी, असं संगीतकारांना वाटे.

*वासरग्लासी, म्हणजे पुढचा श्टाटपार्क.* तटाबाहेरच्या या भागात लोक सकाळी औषधी पाणी प्यायला जमायचे आणि सोबत वाद्यवृंद वाजायचा. श्टाटपार्क झाल्यावर त्याच परंपरेतून १८६७ साली कुर्सालोन ही देखणी इमारत उभी राहिली. तिथे फक्त पाणी प्यावं, करमणूक नको, असा आधी बेत होता. व्हिएन्नाकरांना पाण्यात गोडी नव्हती, संगीतात होती. १८६८च्या ऑक्टोबरात स्ट्राउस बंधूंनी तिथे वाजवलं आणि त्या इमारतीचं पुढचं आयुष्य ठरून गेलं.

*प्राटर.* इथल्या मुख्य रस्त्यावर ओळीनं पहिलं, दुसरं आणि तिसरं कॉफीगृह होतं, नावंही तीच. गर्दी सगळ्या थरांतली. १८१४च्या मे महिन्यात बेटहोफेननं याच प्राटरमधल्या एका कॉफीगृहात 'आर्चड्यूक' त्रिकूट वाजवलं. तेव्हा त्याचं ऐकणं जवळजवळ गेलेलं होतं.

*आउगार्टन.* मैफलींच्या बाबतीत हे सगळ्यांत जुनं. मोझार्टनं १७८२च्या मे महिन्यात इथल्या मैफलींत भाग घेतला. बेटहोफेनची 'क्रॉइट्झर' सोनाटा २४ मे १८०३ रोजी इथेच पहिल्यांदा वाजली. व्हायोलिनवर जॉर्ज ब्रिजटावर होता आणि मैफल सकाळची होती. इथल्या मैफली भल्या सकाळी व्हायच्या. १९व्या शतकाच्या मध्यापर्यंत मात्र आउगार्टन मागे पडलं आणि रौनक इतर बागांकडे गेली.

*हिट्सिंगचं डोमायर.* हे शहराबाहेर, शोनब्रुन राजवाड्याला लागून. बाग आणि सभागृह दोन्ही असलेलं विश्रामगृह. लानर इथे वाजवत असे, आणि १५ ऑक्टोबर १८४४ रोजी १८ वर्षांचा धाकटा स्ट्राउस स्वतःचा वाद्यवृंद घेऊन इथेच पहिल्यांदा लोकांसमोर उभा राहिला.

४. स्ट्राउस नेमके किती होते?

चार लक्षात ठेवा. थोरला योहान (१८०४–१८४९) आणि त्याचे तीन मुलगे : धाकटा योहान (१८२५–१८९९), योसेफ (१८२७–१८७०) आणि एडुआर्ड (१८३५–१९१६). 'ब्लू डॅन्यूब' धाकट्या योहानचा, 'राडेट्स्की मार्च' थोरल्याचा. 'पिझिकाटो पोल्का' योहान आणि योसेफ या दोघांची मिळून. ऑपेरा लिहिणारा जर्मन रिखार्ड स्ट्राउस वेगळा, त्याचा या घराशी काही नात्याचा संबंध नाही.

या चौघांच्या आधीचा पाया योसेफ लानरचा (१८०१–१८४३). थोरला स्ट्राउस त्याच्याच छोट्या चमूत वाजवत मोठा झाला, मग दोघे वेगळे झाले आणि शहरानं दोघांनाही डोक्यावर घेतलं. लानर गेला तेव्हा जेमतेम ४२ वर्षांचा होता. त्याचं नाव आज मागे पडलंय याचं मला वाईट वाटतं. त्याच्या सुरावटींतला हळवेपणा थोरल्या स्ट्राउसमध्ये नाही.

५. तिकीट असायचं का? सामान्य माणसाला परवडायचं का?

असायचं, पण ऑपेरा किंवा मोठ्या सभागृहातल्या मैफलीच्या मानानं किरकोळ. शिवाय बागेला भिंती नसतात. ज्याच्याकडे प्रवेशाचे पैसे नाहीत तो कुंपणापलीकडे उभा राहून ऐकू शकत होता, आणि तसे लोक ऐकत.

या गोष्टीचं महत्त्व कळायला व्हिएन्नाच्या बाकीच्या संगीतजीवनाकडे पाहावं लागतं. व्हिएन्ना फिलहार्मोनिक १८४२ साली स्थापन झाली खरी, पण तिच्या नियमित वर्गणीच्या मैफली १८६०पासून सुरू झाल्या. त्याही वर्षाला मोजक्याच, रविवारी दुपारी आणि ठरावीक श्रोत्यांसाठी. स्ट्राउसांचा वाद्यवृंद मात्र हंगामात आठवड्यातून कित्येक वेळा वाजायचा. शिंपी, कारकून, विद्यार्थी, घरकाम करणारी मुलगी, यांपैकी कुणाला पूर्ण वाद्यवृंद ऐकायचा असेल तर जागा एकच, बाग. शतकभर एका अख्ख्या शहराचा कान या बागांनी घडवला, असं मला ठामपणे वाटतं.

६. एका संध्याकाळी काय काय वाजायचं? फक्त वॉल्ट्झच का?

मुळीच नाही. कार्यक्रमात वॉल्ट्झ, पोल्का आणि क्वाड्रिल (चौकोनात उभ्या जोडप्यांचा नाच) तर असतच, पण त्यांच्या मध्ये ऑपेरांच्या प्रस्तावना, बेटहोफेन-मोझार्टच्या रचनांचे भाग आणि गाजलेल्या सुरावटी गुंफून केलेल्या मिश्र मालिकाही असत. नवा ऑपेरा गाजला की त्यातल्या चालींवर क्वाड्रिल तयार. व्हर्दीच्या 'बालो इन मास्केरा'वर धाकट्या स्ट्राउसनं असा एक क्वाड्रिल लिहिला आहे. ज्यांनी ऑपेरागृहाचं दार पाहिलं नव्हतं, तेही दुसऱ्या दिवशी त्या चाली गुणगुणत.

सगळ्यात धाडसाचा भाग जर्मन ऑपेराकार वाग्नरचा. व्हिएन्नाच्या दरबारी ऑपेरानं 'टानहॉयझर' रंगमंचावर आणला १८५९ साली. स्ट्राउसांच्या वाद्यवृंदानं त्यातले भाग त्याच्या काही वर्षं आधीच श्रोत्यांना ऐकवले होते. 'ट्रिस्टान'चं तर आणखी नवल. हा ऑपेरा रंगमंचावर पहिल्यांदा आला म्युनिकमध्ये, १८६५ साली. व्हिएन्नात तालमींवर तालमी होऊन तो बारगळला आणि १८८३पर्यंत तिथे उभाच राहिला नाही. पण त्याचे काही तुकडे १८६०च्या सुमारास स्ट्राउसांच्या मैफलींत वाजले होते. त्या काळातलं सगळ्यात अवघड, सगळ्यात वादग्रस्त संगीत कॉफीच्या कपांच्या किणकिणाटात ऐकलं गेलं. हलकं आणि भारी अशी जी भिंत आपण आज संगीतात घालतो, ती त्या बागांत नव्हती.

आणि आवडलेली रचना पुन्हा वाजवावीच लागे. आपल्याकडे संगीत नाटकात एकेका पदाला वन्समोअरवर वन्समोअर पडायचे, तशीच तिथली तऱ्हा. नवा वॉल्ट्झ किती वेळा पुन्हा वाजवावा लागला हे वर्तमानपत्रं बातमीत छापत, आणि त्यावरून त्याचं भवितव्य ठरे.

७. माइक नसताना मागच्या लोकांना ऐकू कसं यायचं?

वाद्यवृंद उघड्यावर बसत नसे. मंडपाला छत असे, बहुतेकदा मागे भिंतही असे, त्यामुळे आवाज समोर फेकला जाई. पितळी वाद्यं, क्लॅरिनेट आणि ढोल यांचा आवाज लांब जातो, व्हायोलिनचा नाही. म्हणून बागेतल्या संगीतात मुख्य चाल बऱ्याचदा एकट्या व्हायोलिनवर न सोडता तिला फुंकवाद्यांची जोड दिलेली दिसते. मागच्यांना बारकावे कमी ऐकू येत, हे खरंच आहे. म्हणून जाणकार लवकर येऊन पुढची टेबलं धरत.

८. वाद्यवृंद कोण चालवायचं? तेव्हाही छडी घेऊन उभं राहायचे का?

लानर आणि दोन्ही योहान हातात व्हायोलिन घेऊन उभे राहत. थोडं वाजवायचं, मग धनुकली उंचावून तिनंच इशारे करायचे, रंग चढला की पुन्हा व्हायोलिन हनुवटीखाली. ही त्या परंपरेची खूण होती. पुढे न्यू इयर मैफलीतही एखादा संचालक मध्येच व्हायोलिन उचलायचा ते याच आठवणीनं.

अपवाद योसेफचा. तो शिकला होता अभियांत्रिकी, संगीताच्या धंद्यात पडायची त्याला मुळीच इच्छा नव्हती. त्यानं रस्ते झाडायच्या यंत्राचा आराखडा केला होता. १८५३ साली कामाच्या ताणानं योहान आजारी पडला आणि घरच्यांनी योसेफला उभं केलं. त्याला व्हायोलिन नीट येत नव्हतं, म्हणून त्यानं छडीनं वाद्यवृंद चालवला. मग वॉल्ट्झही लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं 'पहिला आणि शेवटचा'. तो शेवटचा ठरला नाही. पुढे 'शेवटच्यानंतरचा पहिला' या नावानं आणखी एक आला, आणि अडीचशेच्या वर रचना झाल्या. धाकटा योहान म्हणायचा की आमच्यात खरा प्रतिभावान योसेफ. योसेफचा 'स्फेरेनक्लेंगे' हा वॉल्ट्झ ऐकल्यावर मलाही ते पटतं.

९. एकाच रात्री स्ट्राउस दोन-तीन ठिकाणी वाजवणार अशा जाहिराती असत म्हणे. हे कसं शक्य होतं?

वाद्यवृंदाचे गट पाडलेले असत. प्रत्येक ठिकाणी एक गट आधीपासून वाजवत असे. स्ट्राउस घोडागाडीनं एका ठिकाणाहून दुसरीकडे जाई, तिथे काही रचना स्वतः चालवी आणि पुढे निघे. लोक पैसे देत ते नावासाठी, त्यामुळे चेहरा दिसणं भाग होतं. थोरल्या स्ट्राउसनं ही पद्धत पाडली. १८४९ साली तो वारल्यावर धाकट्यानं वडिलांचा वाद्यवृंद आपल्यात मिळवून घेतला आणि तोच व्याप दुपटीनं वाढवला. त्याचं आजारपण (प्रश्न ८) यातूनच आलं. पुढे तिघे भाऊ झाल्यावर जाहिरातीत ज्याचं नाव तो खरोखरच हजर राहू लागला.

१०. पाऊस आला तर?

जाहिरातीतच लिहिलेलं असे : हवा खराब असल्यास कार्यक्रम दुसऱ्या दिवशी, किंवा आतल्या दालनात. फोल्क्सगार्टन, डोमायर आणि कुर्सालोन, तिन्ही ठिकाणी आत बसायची सोय होती.

११. मग हिवाळ्यात वादक काय करायचे?

हिवाळाच कमाईचा. नाताळानंतर कार्निव्हल सुरू झाला की वकील, डॉक्टर, विद्यार्थी, कारखानदार अशा एकेका वर्गाचे नाच होत आणि प्रत्येकाला नवा वॉल्ट्झ हवा असे. मग ईस्टरच्या आधीचा ख्रिस्ती उपवासाचा काळ सुरू झाला की नाच बंद. मात्र बसून ऐकायच्या मैफलींना आडकाठी नव्हती. उपवासाच्या पहिल्या आठवड्यात स्ट्राउस बंधू सरलेल्या हंगामातल्या सगळ्या नव्या रचना एका मैफलीत पुन्हा वाजवत. हा तपशील प्रश्न १२साठी लक्षात ठेवा. १८७०नंतर म्युझिकफेराइनचं सोनेरी सभागृह मिळालं आणि एडुआर्डच्या रविवार दुपारच्या मैफली तिथे होऊ लागल्या.

१२. 'ब्लू डॅन्यूब' पहिल्यांदा बागेत वाजला हे खरं का?

अर्धं खरं. अगदी पहिल्यांदा तो १५ फेब्रुवारी १८६७ रोजी डियानाबाड सभागृहात गायला गेला. हो, गायला. तो मुळात पुरुषांच्या गायकवृंदासाठी लिहिलेला होता. डियानाबाड हा पोहण्याचा तलाव. हिवाळ्यात त्यावर फळ्या टाकून सभागृह करत.

फक्त वाद्यवृंदाचं रूप, म्हणजे आज आपण ऐकतो ते, व्हिएन्नात पहिल्यांदा १० मार्च १८६७ रोजी फोल्क्सगार्टनमध्ये वाजलं. त्या वर्षी राखेचा बुधवार, म्हणजे उपवासाचा पहिला दिवस, ६ मार्चला होता. म्हणजे तो उपवासातला पहिला रविवार, नाच बंद असलेला. जगातला सगळ्यात प्रसिद्ध नाचाचा तुकडा या रूपात पहिल्यांदा वाजला तेव्हा त्यावर कुणी पाऊल टाकलं नाही. लोकांनी तो बसून ऐकला. त्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्तानं तो तिथे वाजला आणि मग जगभर पसरला.

१३. 'राडेट्स्की मार्च'वर टाळ्यांचा ठेका धरायची पद्धत बागेतूनच आली का? तो क्रांतीचा मार्च ना?

क्रांतीचा नव्हे, उलट बाजूचा. १८४८ साली व्हिएन्नात उठाव चालू असताना इटलीत फील्ड मार्शल राडेट्स्कीनं कुस्तोझाची लढाई जिंकली. त्या विजयाच्या आणि जखमी सैनिकांच्या मदतीच्या समारंभासाठी थोरल्या स्ट्राउसनं हा मार्च लिहिला. ३१ ऑगस्ट १८४८ रोजी तो वासरग्लासीवर (प्रश्न ३) उघड्या हवेत पहिल्यांदा वाजला. धाकटा स्ट्राउस त्याच वर्षी विद्यार्थ्यांच्या बाजूनं उभा होता आणि 'मार्सेयेझ' हे फ्रेंच क्रांतिगीत वाजवलं म्हणून पोलिसांनी त्याला जाब विचारला. एकाच घरात दोन झेंडे. दरबारी नृत्यसंगीताच्या संचालकाचा मान धाकट्याला १८६३पर्यंत मिळाला नाही, त्यामागे या प्रकरणाचा मोठा वाटा आहे.

टाळ्यांचा आजचा शिस्तबद्ध ठेका, आधी हळू मग जोरात, हा न्यू इयर मैफलीनं जगभर रूढ केला. आणखी एक बारकावा. टीव्हीवर वर्षानुवर्षं वाजत आलेली मांडणी थोरल्या स्ट्राउसची नव्हती, ती २०व्या शतकात लिओपोल्ड वेनिंगरनं केलेली होती. वेनिंगर नाझी पक्षाचा सदस्य होता, म्हणून २०२०पासून फिलहार्मोनिकनं ती बाजूला ठेवली.

१४. मग न्यू इयर मैफल म्हणजे याच बागांची परंपरा ना?

संगीत तेच, परंपरा वेगळी. ती मैफल १९३९च्या ३१ डिसेंबरला नाझी राजवटीत सुरू झाली. ती बंद सभागृहात होते, आणि वाजवते व्हिएन्ना फिलहार्मोनिक. बागेतल्या मैफली मात्र स्ट्राउसांच्या खासगी वाद्यवृंदाच्या होत्या आणि तो १९०१ साली विसर्जित झाला. बागेच्या जवळ जाणारी आजची गोष्ट म्हणजे फिलहार्मोनिकची शोनब्रुनच्या बागेतली उन्हाळी रात्रीची मैफल. ती २००४ साली सुरू झाली आणि तिला तिकीट नाही. आपल्याला अभिमान वाटावा असा दुवाही इथेच आहे. मुंबईत जन्मलेले आणि व्हिएन्नात शिकलेले झुबिन मेहता यांनी न्यू इयर मैफल पाच वेळा चालवली (१९९०, १९९५, १९९८, २००७, २०१५), आणि २०१५ साली शोनब्रुनची मैफलही.

१५. लष्करी बँड बागेत वाजवायचे, ते यात धरायचे का?

धरायचे, पण वेगळ्या रकान्यात. रेजिमेंटचे बँड प्राटर, फोल्क्सगार्टन अशा सगळीकडे वाजवत आणि ते खासगी वाद्यवृंदांपेक्षा स्वस्तात मिळत, त्यामुळे नागरी वादकांची त्यांच्याबद्दल कायम तक्रार असे. अडचण कार्ल मिखाएल झीरेरसारख्यांची होते. तो हॉख उंड डॉइच्मायस्टर रेजिमेंटचा बँडमास्टर, पण त्याचे वॉल्ट्झ थेट स्ट्राउसांच्या घराण्यात शोभावेत असे आहेत. माझं मत असं की, नुसती फुंकवाद्यं असतील तर तो बँड, आणि तंतुवाद्यं घेऊन बसले असतील तर ती वाद्यवृंद-मैफल, मग अंगावर गणवेश असला तरी.

१६. बायका यायच्या का? वाजवायच्या का?

यायच्या, आणि मोठ्या संख्येनं. दारूच्या गुत्त्यात न जाणारी स्त्री बागेतल्या मैफलीला कुटुंबासह उजळ माथ्यानं येऊ शकत होती. स्ट्राउसांच्या वाद्यवृंदात स्त्रिया नव्हत्या. पण १८६०च्या दशकाच्या अखेरीस योसेफीन वाइनलिख हिनं व्हिएन्नात स्त्रियांचा वाद्यवृंद उभा केला, आणि १८७१ साली तो न्यू यॉर्कपर्यंत जाऊन आला. व्हिएन्ना फिलहार्मोनिकनं स्त्री वादकांना सदस्यत्व द्यायला १९९७ उजाडलं, हे शेजारी ठेवून पाहा.

१७. तेव्हाच्या वादकांच्या मूळ प्रती कुठे पाहायला मिळतील?

फार थोड्या उरल्या आहेत, आणि त्याचं कारण वाचताना आजही पोटात तुटतं. वाद्यवृंद मोडल्यावर त्याचा सगळा संग्रह एडुआर्डकडे होता. पिढ्यान्‌पिढ्या बागांमध्ये आणि सभागृहांमध्ये वापरलेल्या प्रती, नातेवाइकांच्या हस्तलिखितांसह. २२ ऑक्टोबर १९०७ रोजी त्यानं हे गठ्ठे गाड्या भरून एका भट्टीच्या कारखान्यात नेले. आरामखुर्चीत बसून दुपारपासून संध्याकाळपर्यंत, त्याच्या डोळ्यांदेखत ते जाळले गेले. दोघांपैकी जो मागे राहील त्यानं हे नष्ट करावं असा योसेफशी करार झाला होता, असं कारण सांगितलं जातं. छापून आलेल्या रचना वाचल्या. पण बागेसाठी केलेल्या मांडण्या, इतर संगीतकारांच्या रचनांची स्ट्राउसी रूपं, पेन्सिलीनं केलेल्या खुणा, हे सगळं गेलं. प्रश्न ६मध्ये सांगितलेले वाग्नरचे तुकडे कोणत्या मांडणीत वाजले, हे त्या भट्टीतच राहिलं.

१८. असं फक्त व्हिएन्नातच होतं का?

नाही, पण वारं बरंचसं व्हिएन्नातून वाहिलं. कोपनहेगनचं टिव्होली १५ ऑगस्ट १८४३ रोजी उघडलं, तेही तटबंदीबाहेरच्या जमिनीवरच. तिथला तलाव म्हणजे जुन्या खंदकाचा तुकडा. तिथे एच. सी. लुम्बये स्ट्राउसांच्या शैलीत लिहून घरोघरी पोचला. सेंट पीटर्सबर्गजवळच्या पाव्लोव्स्कला रेल्वे स्थानकालगतच्या बागेत मैफली होत, आणि १८५६पासून दहा उन्हाळे धाकटा स्ट्राउस तिथे बांधलेला होता. न्यू यॉर्कमध्ये थिओडोर थॉमसनं १८६८ ते १८७५ सेंट्रल पार्क गार्डनमध्ये उन्हाळी मैफली केल्या आणि वॉल्ट्झच्या जोडीला सिंफनी ऐकवत अमेरिकेत श्रोता तयार केला. बर्लिनच्या बिल्झच्या वाद्यवृंदाची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. १८८२ साली वॉर्सातल्या मैफलींसाठी त्यानं वादकांना रेल्वेच्या चौथ्या वर्गानं न्यायचं ठरवलं. ५४ जण रागावून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःचा वाद्यवृंद काढला. तोच पुढे बर्लिन फिलहार्मोनिक झाला.

१९. मुंबईत किंवा गोव्यात असं काही होतं का?

पूर्ण वाद्यवृंदाची बाग-मैफल अशी नियमित परंपरा नव्हती, बँडची होती. मुंबईत कूपरेजच्या बागेतला बँडस्टँड १८६७चा, म्हणजे कुर्सालोनच्याच वयाचा. तिथे संध्याकाळी बँड वाजे. पणजीच्या नगरउद्यानातही बँडसाठी चौथरा आहे. त्या बँडच्या यादीत वॉल्ट्झ आणि पोल्का असतच, आणि गोव्यातल्या पॅरिश शाळांतून स्वरलिपी वाचायला शिकलेले वादक पुढे मुंबईच्या बँडांत आणि नंतर सिनेमाच्या वाद्यवृंदांत गेले. पण हा प्रवाह पोर्तुगीज चर्च आणि ब्रिटिश पलटणींचा आहे. त्याला व्हिएन्नाची शाखा म्हणणं बरोबर नाही.

२०. व्हिएन्नाला जातोय. या जागांपैकी आज काय उरलंय?

फोल्क्सगार्टन पूर्ण आहे. थीसियसचं मंदिर तसंच आहे, गुलाबांसाठी जूनमध्ये जा. कोर्टीच्या जागी आता रात्रीचा क्लब आहे. श्टाटपार्कात धाकट्या स्ट्राउसचा सोनेरी पुतळा आहे, १९२१ साली बसवलेला. तिथून दोन मिनिटांवर कुर्सालोन. तिथे आजही स्ट्राउस वाजतो, पण आत, छोट्या वाद्यवृंदावर आणि पर्यटकांच्या दरानं. लानर आणि थोरला स्ट्राउस यांचा एकत्र पुतळा राटहाउसच्या बागेत आहे, तिकडे सहसा कुणी फिरकत नाही, तुम्ही जरूर जा. मूळ डोमायर १९०७ साली पाडलं. त्या जागी हॉटेल आहे, आणि जवळच त्याच नावाचं कॉफीगृह चालू आहे. शोनब्रुनच्या उन्हाळी मैफलीची तारीख दर वर्षी बदलते, साधारण मे-जूनमध्ये असते. ती आधी पाहून मगच विमानाचं तिकीट काढा. फुकट असल्यामुळे गर्दी प्रचंड होते, त्यामुळे पुढे जागा हवी असेल तर दुपारीच पोचा.